ड्रायव्हर मुक्त, फर्मवेअर बंदिस्त: रेघ नक्की कुठे मारायची?

कर्नलकट्टा

मुक्त सॉफ्टवेअरच्या गप्पांत फर्मवेअरचा, म्हणजे उपकरणाच्या आतल्या चिपवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचा, विषय निघाला की दोनच सूर लागतात. एक म्हणतो, आधी वायफाय चालू द्या, तत्त्वांचं नंतर बघू. दुसरा म्हणतो, बंदिस्त कोडचा एक बाइटही मशीनमध्ये नको. मला दोन्ही पटत नाहीत. का, ते जरा सविस्तर मांडतो.

आधी नेमकं घडतं काय ते बघू. नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि वायफाय दिसेना. डीमेसेज ही सिस्टिमच्या संदेशांची नोंद उघडून पाहिली तर एक ओळ सापडते: डायरेक्ट फर्मवेअर लोड अमुक फाइल, फेल्ड विथ एरर -२. उणे दोन म्हणजे फाइल सापडली नाही, बाकी काही नाही. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड हाताळणारा प्रोग्रॅम, कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आहे, त्याचा सोर्स, म्हणजे वाचता येणारा मूळ कोड, जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, कार्डही ओळखलं गेलं आहे. पण कार्डावरच्या चिपमध्ये स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो, आणि त्याने चालवायचा प्रोग्रॅम कार्डावर साठवलेलाच नसतो. मशीन सुरू झालं की ड्रायव्हर कर्नलकडे ती फाइल मागतो, कर्नल ती लिब फोल्डरातल्या फर्मवेअर नावाच्या फोल्डरात शोधतो आणि सापडली की जशीच्या तशी चिपच्या हवाली करतो. आत काय आहे ते फक्त उत्पादकाला ठाऊक. हाच तो ब्लॉब.

पूर्वी असे कित्येक ब्लॉब ड्रायव्हरच्या सी फाइलमध्येच हेक्स आकड्यांच्या पानपानभर रांगा बनून बसलेले असत. हळूहळू ते बाहेर काढले गेले. २०१७ च्या कर्नल ४.१४ पासून तर कर्नलच्या सोर्समधला फर्मवेअरचा फोल्डरच गेला. आता सगळा माल लिनक्स-फर्मवेअर नावाच्या वेगळ्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) असतो.

यावर प्रत्येकाने आपापली भूमिका घेतली. लिनक्स-लिबर (बंदिस्त भाग वगळलेलं कर्नल) वाल्यांनी कर्नलमधून ब्लॉब तर काढलेच, शिवाय ड्रायव्हर ज्या नावाने फाइल मागतो ते नावही पुसलं. त्या जागी 'डीब्लॉब्ड' असा शेरा दिसतो. परिणाम असा की तुमच्याकडे ती फाइल असली, तुम्हाला ती स्वतःहून टाकायची असली, तरी ड्रायव्हर ती घेत नाही. ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमने वेगळी वाट धरली. मुख्य प्रोसेसरवर, कर्नलच्या आत चालणारा बंदिस्त कोड अजिबात नाही. पण उपकरणाच्या आत चालणारं फर्मवेअर मोकळेपणाने वाटता येत असेल तर चालेल, आम्हाला हार्डवेअरची माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही लिहितो. डेबियन या लिनक्स वितरणात यावर वर्षानुवर्षं वाद झाले. २०११ च्या स्क्वीझ या आवृत्तीत कर्नलातून बंदिस्त फर्मवेअर बाहेर गेलं, आणि ऑक्टोबर २०२२ च्या मतदानात सोशल काँट्रॅक्ट या आपल्या तत्त्वांच्या जाहीरनाम्यातच बदल करून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये परत आलं. जून २०२३ ची बुकवर्म ही आवृत्ती तशीच बाहेर पडली.

आता माझा आक्षेप. एफएसएफ, म्हणजे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन, हिचं 'रिस्पेक्ट्स युअर फ्रीडम' हे हार्डवेअरसाठीचं प्रमाणपत्र २०१२ पासून दिलं जातं. त्याच्या निकषांत दुय्यम प्रोसेसरला एक सवलत आहे. आतलं सॉफ्टवेअर कारखान्यातच घातलेलं असेल आणि वापरकर्त्याने ते बदलावं अशी अपेक्षा नसेल, तर ते हार्डवेअरचाच भाग धरलं जातं. म्हणजे तोच प्रोग्रॅम, तोच उत्पादक, तेवढाच बंदिस्त. चिपमध्ये भाजला तर पास, डिस्कवर फाइल म्हणून आला तर नापास. माझ्या मते हे उलटं आहे. डिस्कवरची फाइल मला दिसते. तिचा हॅश (फाइल बदलली का ते सांगणारा ठसा) काढता येतो, दोन आवृत्त्यांची तुलना करता येते, ती डिसअसेंबल करून आतल्या सूचना वाचता येतात, आणि उद्या कोणी मुक्त पर्याय लिहिला तर तिच्या जागी तो ठेवता येतो. रॉममधल्या, म्हणजे चिपमध्ये भाजलेल्या, कोडबाबत यातलं काहीच होत नाही.

खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो: चिप दुसऱ्या कोणी लिहिलेला कोड स्वीकारते का? ती उत्पादकाच्या डिजिटल सहीशिवाय काही चालवतच नसेल, तर फाइल कुठे ठेवली आहे यावर भांडून हाती काही लागत नाही. रेघ तिथे मारायला हवी असं माझं मत आहे. बोला.

---

चांदणचुरा

छान लिहिलंय. एक मूलभूत शंका आहे. फर्मवेअर चिपच्या आतच चालणार असेल, माझ्या मुख्य प्रोसेसरवर त्याचा भार नसेल, तर ते बंदिस्त असल्याने मला नक्की काय फरक पडतो? हार्ड डिस्कच्या आतही प्रोग्रॅम असतो म्हणे, त्याची तर मी कधी फिकीर केली नाही.

---

दुर्बीण

चांदणचुरा, फरक पडतो, कारण ही उपकरणं मुख्य मेमरीपासून लांब नसतात. पीसीआय एक्स्प्रेसवरचं कार्ड डीएमएने, म्हणजे मुख्य प्रोसेसरला वगळून, थेट रॅममध्ये वाचू-लिहू शकतं. आयओएमएमयू हा त्यावरचा पहारेकरी नीट लावलेला असेल तर ते किती मेमरीला हात लावू शकेल यावर मर्यादा येते. नसेल तर कार्डाच्या आतला कोड म्हणजे जवळपास कर्नलचेच अधिकार.

एप्रिल २०१७ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा गटाने हे करून दाखवलं. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपमधल्या फर्मवेअरमध्ये मेमरीच्या चुका होत्या. त्यांचा फायदा घेऊन केवळ रेडिओवरून, फोनच्या मालकाने कशालाही हात न लावता, चिपवर स्वतःचा कोड चालवता आला, आणि तिथून पुढे फोनच्या मुख्य प्रोसेसरपर्यंत पोचता आलं. काही महिन्यांतच त्याच कंपनीच्या चिपांवर ब्रॉडपन नावाचा तसाच हल्ला आला. अशा वेळी ड्रायव्हर कितीही स्वच्छ लिहिलेला असला तरी उपयोग नाही, आणि फर्मवेअरची दुरुस्ती उत्पादकाशिवाय कोणाच्या हातात नाही. फोनला अपडेट मिळणं बंद झालं असेल तर तो तसाच उघडा राहतो.

हार्ड डिस्कचंही बोलतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने इक्वेशन ग्रुप या हल्लेखोर गटाबद्दल अहवाल दिला, त्यात डिस्कचं फर्मवेअर बदलून आत ठाण मांडणारं मॉड्यूल होतं. डिस्क फॉरमॅट केली, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकली, तरी ते जात नाही. डिस्कच्या आत काय चालू आहे हे डिस्कलाच विचारावं लागतं, आणि तिथलं उत्तरही तोच कोड देतो.

---

जुनापेंग्विन

कर्नलकट्टा, लेख आवडला. रॉमच्या सवलतीवरचा तुमचा आक्षेप मी समजू शकतो. पण पुढे तुम्ही ज्या वळणावर जाता ते मला मान्य नाही. ही चळवळ टिकली ती 'नाही' म्हणणाऱ्यांमुळे.

मुळात हे सगळं सुरू कुठून झालं? १९८० च्या आसपास एमआयटीच्या एआय लॅबमध्ये झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये या चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनी बदल केला होता. कागद अडकला की ज्यांची कामं रांगेत आहेत त्यांना संदेश जायचा. नव्या प्रिंटरचा सोर्सच मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो होता, पण त्याने गुप्ततेचा करार केलेला असल्यामुळे नकार दिला. सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची घोषणा झाली, त्यामागे असे अनुभव होते. तेव्हा फर्मवेअर आणि ड्रायव्हर हा या चळवळीचा कोपऱ्यातला विषय कधीच नव्हता. तिची सुरुवातच एका उपकरणाच्या सॉफ्टवेअरपासून आहे.

आणि नकाराचा उपयोग होतो. एथेरॉस कंपनीच्या वायफाय कार्डांसाठी एके काळी मॅडवायफाय नावाचा ड्रायव्हर होता, त्याच्या पोटात एचएएल नावाचा बंदिस्त तुकडा. ओपनबीएसडीच्या लोकांनी तो न स्वीकारता स्वतःचा लिहिला. त्याच कामावर लिनक्सचा एथ५के हा ड्रायव्हर उभा राहिला. २००८ मध्ये कंपनीने स्वतःहून एथ९के दिला, पूर्ण मुक्त, आणि त्या पीसीआय कार्डांना फर्मवेअरची फाइल लागतच नाही. २०१३ मध्ये यूएसबीवाल्या एआर९२७१ च्या फर्मवेअरचा सोर्सही खुला झाला. मुक्त फर्मवेअरचीच उपकरणं विकणारे आणि घेणारे काही लोक होते, म्हणून त्या मागणीला वजन आलं.

डेबियनने २०२२ मध्ये जे केलं त्याने हे वजन कमी झालं. आता वापरकर्त्याला त्याच्या कार्डात बंदिस्त कोड आहे हे कळतही नाही. जे खुपत नाही त्याची तक्रार कोण करणार?

---

पाटीपेन्सिल

जुनापेंग्विन, मी लोकांना लिनक्स बसवून देते, म्हणून दुसरी बाजू सांगते. बुकवर्मच्या आधी अधिकृत इन्स्टॉलर मध्येच थांबायचा आणि एका फाइलचं नाव दाखवून म्हणायचा, ही पेन ड्राइव्हवर आणून द्या. पातळ लॅपटॉप, इथरनेटचं पोर्ट नाही, वायफाय नाही म्हणून इंटरनेट नाही, आणि इंटरनेट नाही म्हणून फाइल नाही. दुसरं मशीन हाताशी नसेल तर खेळ खलास. फर्मवेअर घातलेली इन्स्टॉलरची वेगळी फाइल (इमेज) डेबियनकडेच मिळायची, पण तिच्यावर 'अनधिकृत' असा शिक्का होता आणि ती शोधून काढणं नवख्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

माझ्या समोर एक ताई त्याच पडद्यावर अडकल्या होत्या. त्यांना मी समजावून सांगितलं की हा दोष कार्ड बनवणाऱ्याचा आहे, डेबियनचा नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'पण जुनी सिस्टिम यावर चालत होती ना?' त्या परत गेल्या. उत्पादकाला यातलं काही कळलं नाही, त्याला काहीच खुपलं नाही. खुपलं ते फक्त त्यांना.

नव्या इन्स्टॉलरमध्ये कोणतं बंदिस्त फर्मवेअर बसवलं याची माहिती मिळते, आणि नको असेल तर बूट करतानाच ते बंद ठेवायचा पर्यायही आहे. नॉन-फ्री-फर्मवेअर हा वेगळा विभाग केल्यामुळे बाकीचं बंदिस्त सॉफ्टवेअर सोबत आपोआप येत नाही. मला तरी हा प्रामाणिक मार्ग वाटतो.

---

जुनापेंग्विन

पाटीपेन्सिल, तुमच्या त्या ताईंना मी दोष देणार नाही. माहिती दाखवली जाते हेही खरं. पण इन्स्टॉल करताना एका पडद्यावर येऊन गेलेली माहिती किती जण वाचतात? माझा आग्रह एवढाच आहे की कोणीतरी, कुठेतरी, पूर्ण मुक्त मशीनचा मापदंड जिवंत ठेवला पाहिजे. सगळेच 'सध्या चालू द्या' म्हणाले तर तुलना कशाशी करणार?

---

सोल्डरगन

मी एम्बेडेडमध्ये, म्हणजे उपकरणांच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करतो. फर्मवेअर खुलं का होत नाही याची आतली कारणं थोडी सांगतो, कारण 'कंपन्या दुष्ट आहेत' या उत्तराने पुढे जाता येत नाही.

पहिलं कारण सगळ्यात कंटाळवाणं आहे. चिपमधलं सगळं त्या कंपनीचं नसतंच. प्रोसेसरचा कोर एकाकडून, मेमरी कंट्रोलर दुसऱ्याकडून, रेडिओचा काही भाग तिसऱ्याकडून परवान्यावर घेतलेला असतो. सोर्समध्ये या सगळ्यांची माहिती उतरलेली असते आणि प्रत्येकाशी गुप्ततेचा करार असतो. खुलं करायचं म्हणजे वकिलांनी ओळ न् ओळ तपासायची. त्यासाठी कोणी पैसे मंजूर करत नाही.

दुसरं, रेडिओचे नियम. किती शक्तीने आणि कोणत्या चॅनलवर प्रक्षेपण होतं याची जबाबदारी उत्पादकावर असते, त्यामुळे तो फर्मवेअर बंद करून मोकळा होतो. पण या कारणाचा बाऊ फार केला जातो. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने ऑगस्ट २०१६ मध्ये राउटर बनवणाऱ्या टीपी-लिंकशी तडजोड केली. राउटर ठरलेल्या मर्यादेपलीकडच्या शक्तीवर चालवता येत होते म्हणून २ लाख डॉलर दंड झाला, आणि त्याच तडजोडीत कंपनीने बाहेरचं फर्मवेअर चालू देण्याच्या दिशेने काम करायचं कबूल केलं. नियामकानेच दोन्ही गोष्टी एका कागदावर आणल्या. रेडिओची मर्यादा वेगळी राखून बाकीचा कोड खुला ठेवता येतो, अभियांत्रिकीच्या दृष्टीने यात अशक्य असं काही नाही.

सहीबद्दल कर्नलकट्टांशी सहमत, थोड्या फरकाने. दुर्बीण यांनी डिस्कचं जे उदाहरण दिलं तशा हल्ल्यांना सही खरोखर अडवते. २०१४ च्या बॅडयूएसबी या हल्ल्याचंही तेच: यूएसबीच्या साध्या कंट्रोलरचं फर्मवेअर कोणीही बदलू शकत होतं, म्हणून पेन ड्राइव्हला कीबोर्ड बनवता आलं. सही तपासणं वाईट नाही. सही करायची किल्ली फक्त उत्पादकाकडे असणं वाईट. मालकाला स्वतःची किल्ली चिपमध्ये नोंदवायची सोय देता येते. ती देत नाहीत.

साउंड ओपन फर्मवेअर हे याचं अगदी नेमकं उदाहरण आहे. इंटेलच्या ऑडिओ डीएसपीचं (आवाज हाताळणाऱ्या प्रोसेसरचं) फर्मवेअर, २०१८ पासून लिनक्स फाउंडेशनखाली, सोर्स सगळा खुला. पण बहुतेक लॅपटॉपांवर इंटेलची सही असलेली बायनरीच चालते. सोर्स वाचा, बदला, बिल्ड करा, तुमचीच चिप तो नाकारणार. काही क्रोमबुकांवर मात्र समुदायाकडे असलेल्या किल्लीने सही केलेलं चालतं. कोड तोच, परवाना तोच, आणि एका मशीनवर स्वातंत्र्य आहे, दुसऱ्यावर नाही.

---

कर्नलकट्टा

सोल्डरगन, हे उदाहरण मूळ लेखात असायला हवं होतं इतकं ते चपखल आहे. त्याला जोडून ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाचं सांगतो, कारण तिथे या सहीने प्रत्यक्ष काय केलं ते स्पष्ट दिसतं.

त्या कार्डांसाठीचा नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर लोकांनी रिव्हर्स इंजिनिअरिंग करून लिहिला. २०१४ च्या सुमारास मॅक्सवेल या कार्डमालिकेच्या दुसऱ्या पिढीपासून कार्डाने सही केलेलं फर्मवेअर मागायला सुरुवात केली. त्याशिवाय क्लॉक, म्हणजे कार्डाचा वेग, वाढवता येईना. ड्रायव्हर चालत होता, पडद्यावर चित्र येत होतं, पण कार्ड बूटच्या वेळच्या कमी क्लॉकवरच अडकून राहायचं. म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या कार्डाची बरीचशी ताकद मुक्त ड्रायव्हर वापरणाऱ्याला मिळायचीच नाही. कोडच्या दर्जाचा यात काही संबंध नव्हता.

मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलचे मॉड्यूल खुले केले तेव्हा मोठा जल्लोष झाला. पण आधी ड्रायव्हरमध्ये असलेलं बरंच काम दरम्यान ट्युरिंग या पुढच्या पिढीपासूनच्या कार्डांवर जीएसपी नावाच्या आतल्या प्रोसेसरकडे गेलं होतं. त्याच्या फर्मवेअरची फाइल दोन आकडी मेगाबाइटची आहे, आणि सहीबंद आहे. तिच्याच मदतीने कर्नल ६.७ पासून नूव्होला त्या नव्या कार्डांवर क्लॉक वाढवता येऊ लागलं. वापरकर्ता म्हणून मला याचा आनंदच आहे. पण मुक्त ड्रायव्हर पातळ होत गेला आणि खालचा ब्लॉब फुगत गेला, हे नोंदवून ठेवायला हवं. 'ड्रायव्हर ओपन सोर्स आहे' या वाक्याला दर पिढीगणिक कमी अर्थ उरतो आहे.

जुनापेंग्विन, तुमच्या एथ९केचंही पुढे हेच झालं ना? ८०२.११एसी हे वायफायचं पुढचं मानक आलं, त्याच घराण्याचा एथ१०के आला, आणि त्याला बंदिस्त फर्मवेअर लागतं. नकाराने एक पिढी जिंकली, पण उत्पादकाने काम चिपमध्ये ढकललं आणि पुढची पिढी हातची गेली. म्हणून मापदंड हवा यावर मी तुमच्याबरोबर आहे. फक्त तो मापदंड रॉमला सूट देणारा नको. त्याने उत्पादकाला चुकीचा इशारा जातो: लपवा, म्हणजे चालेल. प्युरिझम कंपनीने लिब्रेम ५ फोन करताना मेमरी सुरू करण्यासाठी लागणारा ब्लॉब मुख्य प्रोसेसरऐवजी दुय्यम प्रोसेसरकडून चढवायची रचना आखली, ती या सवलतीत बसण्यासाठी. ब्लॉब तोच राहिला. चांगल्या हेतूच्या लोकांचे श्रम अशा कामात गेले याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

दुर्बीण

मायक्रोकोडबद्दलही (मुख्य प्रोसेसरच्याच आतल्या कोडबद्दल) बोलायला हवं, कारण तिथे एफएसएफच्या या नियमाची किंमत थेट सुरक्षेत मोजावी लागते. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरांमधली स्पेक्टर ही त्रुटी जाहीर झाली. त्यावरचे काही उपाय मायक्रोकोड अपडेट केल्याशिवाय चालतच नाहीत. एफएसएफने मान्यता दिलेल्या वितरणांत हे अपडेट मिळत नाहीत, कारण ती बंदिस्त फाइल आहे. पण प्रोसेसरमध्ये कारखान्यातून आलेला मायक्रोकोड आधीच असतो, तोही त्याच कंपनीचा आणि तितकाच बंदिस्त. अपडेट नाकारून स्वातंत्र्य कणभरही वाढत नाही, फक्त जुन्या चुका कायम राहतात. बायोसला मुक्त पर्याय देणाऱ्या लिबरबूट प्रकल्पाने २०२२ च्या अखेरीस आपलं धोरण बदललं आणि ब्लॉब शक्य तितके कमी करायचे पण अशा अपडेटना मज्जाव करायचा नाही असं ठरवलं, त्यात हाही मुद्दा होता. त्यावरून फूट पडली आणि जुन्या धोरणाने चालणारं ग्नू बूट वेगळं झालं.

---

जुनापेंग्विन

मायक्रोकोडच्या बाबतीत दुर्बीण यांच्याशी वाद घालणार नाही, तिथे नियम ताठर आहे. पण सहीची रेघ मारली तरी काम संपत नाही हे सांगतो. चिप कोणाचाही कोड घ्यायला तयार असली तरी तो लिहिणार कसा, चिपच्या रजिस्टरची (तिला आज्ञा देण्याच्या आतल्या जागांची) माहिती नसताना? टॅलोस टू या पॉवर९ प्रोसेसरच्या मदरबोर्डावर ब्रॉडकॉमची नेटवर्क चिप होती आणि तिचं फर्मवेअर बंदिस्त. एका माणसाने मूळ बायनरी उलगडून चिप कशी वागते त्याचं वर्णन लिहून काढलं. मूळ कोड कधीही न पाहिलेल्या दुसऱ्याने फक्त त्या वर्णनावरून नवं फर्मवेअर लिहिलं. ते चालतं, कारण चिप सही मागत नव्हती. पण केवढे श्रम! कागदपत्रं दिली असती तर बरेचसे वाचले असते. तेव्हा तुमच्या मागणीत सहीच्या शेजारी दस्तऐवजही लिहा.

---

कर्नलकट्टा

मान्य. दोन्ही एकत्रच मागायला हवं.

---

चांदणचुरा

हार्ड डिस्कचं वाचून जरा हादरलेच. आता प्रत्यक्षातलं विचारते. माझ्या मशीनमध्ये कोणते ब्लॉब चढतात ते बघायचं कसं? आणि जुन्या लॅपटॉपसाठी वायफाय कार्ड घ्यायचं आहे, तर काय बघून घेऊ?

---

सोल्डरगन

टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा के (-k) हा पर्याय देऊन चालवा, प्रत्येक उपकरणासमोर त्याच्या ड्रायव्हरचं नाव येईल. मग मॉडइन्फो ही आज्ञा आणि ते नाव. उत्तरात 'फर्मवेअर' ने सुरू होणाऱ्या ओळी दिसल्या तर तो ड्रायव्हर त्या फाइली मागू शकतो. सगळ्याच मागतो असं नाही, एकच ड्रायव्हर अनेक चिपांसाठी असतो. प्रत्यक्षात कोणती फाइल चढली याची नोंद पुष्कळ ड्रायव्हर डीमेसेजमध्ये करतात, तिथे फर्मवेअर हा शब्द शोधा. हे फक्त डिस्कवरून येणाऱ्या ब्लॉबचं झालं. चिपच्या आत आधीपासून जे आहे ते यात दिसणार नाही.

कार्डाचं म्हणाल तर जुन्या लॅपटॉपला ८०२.११एन या आधीच्या वायफाय मानकाचा वेग पुरत असेल तर एथ९केवर चालणारं मिनी पीसीआय एक्स्प्रेस कार्ड बघा. फाइल लागत नाही. यूएसबी चालणार असेल तर एआर९२७१. खोक्यावरच्या मॉडेल नंबरवर विसंबू नका, तोच नंबर ठेवून आतली चिप बदललेली असते. विकणाऱ्याला चिपचा नंबर विचारा, आणि काही लॅपटॉपांचं बायोस बाहेरचं कार्ड स्वीकारत नाही, तेही घेण्याआधी तपासा. लॅपटॉपचं मॉडेल इथे टाकलंत तर बघून सांगतो.